कोपऱ्यातली चौकट

प्रिय ठके,

गेल्या रविवारी फोनवर मी तुला गच्चीतल्या फुटलेल्या पाइपाची गोष्ट सांगितली, खालच्या शिंपीणबाईंच्या गुडघ्याची सांगितली, आणि आणखी काय म्हणून तू विचारलंस तेव्हा काही नाही म्हटलं. ते खोटं होतं. गेले तेवीस दिवस या घरात टीव्हीशिवाय दुसरा विषय नाही. मी इतकी वैतागले आहे, की हा नवा डबा गॅलरीतून खाली फेकून द्यावा असं दिवसातून दोनदा वाटतं. खालून माणसं जात असतात, म्हणून तो वाचलाय. हे फोनवर सांगायची सोय नाही, कारण बाबांचं नाव निघालं की तुला नेमकी घाई होते. पत्र तू अर्ध्यावर टाकून दिलंस तरी निदान मला ते दिसणार नाही.

आधी मुद्दा सांगते. संध्याकाळी सहाच्या बातम्यांत खाली उजव्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेची तुझी चौकट असायची, ती नव्या टीव्हीवर नाहीशी झाली. बातम्या देणारा आहे, त्याच्या मागची शहराची चित्रं आहेत, खाली धावणारी पट्टी आहे, फक्त तू नाहीस. ती चौकट परत आणायची, एवढंच माझं मागणं होतं, आणि त्यासाठी मला जे काय करावं लागलं ते तू शांतपणे वाच.

नवीन प्रक्षेपण येणार, चित्र लख्ख दिसणार आणि तेही पूर्वीसारखंच हवेतून, फुकट, अशी पत्रकं दोन महिने दारात येऊन पडत होती. जुनं एक तारखेला बंद. टीव्ही तोच चालेल, अँटेना तोच चालेल, मध्ये फक्त एक डबा बसवायचा. या ‘फक्त’ शब्दानं माझ्या नाकी नऊ आणले. डबा आणला, जोडला, वाहिन्या शोधायचं बटण दाबलं. एकापासून शंभर टक्क्यांपर्यंत आकडा चढत गेला, आम्ही दोघं निकालाला बसल्यासारखे बसलो, आणि शेवटी पडद्यावर आलं की वाहिन्या शून्य. चार वेळा शोधलं, चारही वेळा शून्य. मग पत्रक पुन्हा काढलं, तर अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की काही भागांसाठी प्रक्षेपणाचा मनोरा बदलला आहे, अँटेनाची दिशा तपासावी. हे वर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?

अँटेना फिरवणं हे आपल्या घराचं हातखंडा काम, तुला आठवत असेल. बाकीच्या बिऱ्हाडांत गच्चीवरून आलं का, गेलं का म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडाआरडा व्हायचा. आपल्याकडे बाबा गच्चीच्या कठड्यापाशी, मी गॅलरीत, आणि तू टीव्हीसमोरच्या दारात. तू हातानं मला सांगायचीस, मी हातानं वर बाबांना. एक अक्षर न बोलता पाच मिनिटांत काम फत्ते. आता मधली तू नाहीस. मी टीव्हीवरचा सिग्नलचा आकडा बघायचा, धावत गॅलरीत यायचं, वाकून वर बघत थोडं डावीकडे म्हणून खूण करायची, पुन्हा आत पळायचं. तोवर बासष्टचे अठरा झालेले. बाबा वरून विचारतात काय झालं, मी खालून सांगते गेलं, ते म्हणतात मग आधी का नाही सांगितलंस. ठके, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हातांनी इतकं भांडण आम्ही पूर्वी कधी केलं नव्हतं. समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत येऊन बघत होती. चौथ्या दिवशी आकडा सत्तरावर टिकला तेव्हा बाबांनी अँटेनाला तारेचे असे आठ वेढे दिले, की आता मनोरा हलवला तरी तो हलायचा नाही.

वाहिन्या आल्या, पण बातम्यांच्या वाहिनीवर एक कुलपाचं चित्र. खाली मजकूर, की हा कार्यक्रम पाहण्यासाठी डबा इंटरनेटला जोडून एकदा परवानगी घ्या. बाबांची तळपायाची आग मस्तकात गेली. हवेतून येणारी गोष्ट, आपल्याच गच्चीवर येऊन पडते, तिच्यासाठी कुणाची परवानगी, आणि ती इंटरनेटवरून कशाला, असं ते मला विचारत राहिले, जणू कुलूप मीच लावलं होतं. त्यात दोन दिवस गेले. शेवटी दुकानदारानं फोनवर सांगितलं तसं माझ्या मोबाइलचं इंटरनेट डब्याला पाजलं आणि कुलूप एकदाचं गेलं. सहा वाजता बातम्या लागल्या. चित्र खरंच सुंदर आहे, ते नाकारत नाही. बातम्या देणाऱ्याच्या कोटाच्या बटणातला दोरा दिसतो. आणि तुझा कोपरा रिकामा.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, तिची सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी बातम्या संपल्यावरही स्टुलावर बसून राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, की रविवारी फोनवर ती बरी होती का. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तुझ्याबद्दल काही विचारलं. बरी होती, कामावरही जाते म्हणाली, असं मी सांगितलं. मग दोष डब्याचा, एवढं आमच्या ध्यानात आलं.

आता तू थबकली असशील. तू मला दोनदा विचारलं होतंस, की बाबा बघतात का. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, त्या वेळेला ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसतात म्हटलं. तसं सांगायची त्यांनी मला शपथ घातली होती, आणि आज मी ती मोडते आहे. ते रोज बघतात. तू त्या चौकटीत पहिल्यांदा उभी राहिलीस त्या दिवसापासून एकही संध्याकाळ त्यांनी चुकवलेली नाही. पावणेसहाला टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टूल ओढतात. जुन्या टीव्हीत तू पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसायचीस, म्हणून सुरुवातीला छापखान्याच्या बांधणीखात्यातलं आपलं भिंग घेऊन बसायचे. भिंगातून नुसते रंगीत ठिपकेच दिसतात हे कळल्यावर त्यांनी ते ठेवून दिलं.

तुमचं भांडण झालं त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी नीट बोललो नाही. छापखान्याच्या मॅनेजरनं बाबांना बोलावलं, तुझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, तरी नेहमीप्रमाणे त्यांची दुभाषी म्हणून तूच गेलीस. मॅनेजर म्हणाला, की यांचा हात आता मंदावलाय, पुस्तकांची शिवण चुकते, गिऱ्हाइकं परत पाठवतात. आणि तू बाबांना हातानं सांगितलंस, की बांधणीचं यंत्र येतंय म्हणून सगळ्यांनाच कमी करताहेत. का सांगितलंस ते मला कळतं. मीही तेच केलं असतं. पण आठ दिवसांनी छापखान्याचं पत्र आलं आणि त्यात खरं कारण टाइप केलेलं होतं. बाबांना नोकरीपेक्षा ते जास्त लागलं. जगातला प्रत्येक शब्द ज्या हातांमधून त्यांच्यापर्यंत यायचा, ते हात त्यांना फसवू शकतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. तुझ्या हातांवर माझा भरवसा नाही, हे ते बोलून गेले. तू म्हणालीस की सहाव्या वर्षापासून बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे तुमचं तोंड होऊन मी दमले. दोघांचंही खरं होतं, आणि मी दारात उभी राहून दोघांना नुसतं पुरे, पुरे करत राहिले.

म्हणून मला वाटायचं, की ते तुला रागानंच बघत असणार. तू साऱ्या जगासाठी हे काम करतेस आणि घरासाठी करायला दमलीस, हा राग. महिनाभरानं माझ्या लक्षात आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र आलं की ते पेन्सिल घेऊन बसतात. आदल्या संध्याकाळी तू जे हातानं सांगितलंस ते आठवायचं आणि छापलेल्या बातमीशी ताडून बघायचं. कुणी मेलं तर किती मेले, कुणाची चूक, कोण काय म्हणालं. बरोबर असेल तिथे बारीक टिंब. पुराच्या बातम्या होत्या त्या आठवड्यात मी रोज बघत होते. इतकी वाईट बातमी, कुणीही थोडी सौम्य करून सांगितली असती. तू एकही आकडा कमी केला नव्हतास. त्या वर्तमानपत्राची ती पानं त्यांनी रद्दीत घालू दिली नाहीत.

हे सगळं एका डब्यानं बंद पाडलं, आता माझा संताप तुला कळेल. मी मदतकेंद्राला फोन केला. एक्सचेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं कानाला हेडफोन लावून मी लोकांचे फोन जोडले, पण कुणाला अकरा मिनिटं एकच संगीत ऐकवत ठेवलं नाही. शेवटी एक मुलगी आली. फार गोड बोलली, पण प्रत्येक वेळी तेच वाक्य. नव्या प्रक्षेपणात खुणांची चौकट वेगळी पाठवतात मॅडम, ज्यांना हवी त्यांनी ती चालू करायची, सुलभता नावाच्या पानावर जा, कानाचं चित्र निवडा आणि पुढच्या सूचना पाळा. मी म्हटलं, सूचना येतच नाहीत. ती म्हणाली, येतात. मी कानाच्या चित्रावर बटण दाबायची, पडद्यावर ढिम्म काही व्हायचं नाही, पुन्हा दाबायची, पुन्हा ढिम्म. असे सहा फोन झाले. सहाव्या मुलीला मी नको ते बोलले, आणि मग फोन ठेवून स्वतःलाच वाईट वाटून घेतलं, कारण त्या खुर्चीवर मी बसलेली आहे.

आणि खरं काय होतं माहीत आहे? मला लिहायलाही लाज वाटते. आपल्या घरात टीव्हीचा आवाज कधी नसतोच. तू चार वर्षांची असताना एकदा आपण दोघी एका गमतीच्या कार्यक्रमाला खोखो हसलो आणि बाबा आपल्या तोंडांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आवाज शून्यावर, ज्यांना ऐकू येतं त्यांनीही बघूनच समजून घ्यायचं, असा आपला घरचा नियम ठरला. मला तर बरंच वाटलं होतं, दिवसभर हॅलो हॅलो करून आलेल्या कानांना विश्रांती. इतक्या वर्षांत मी तो आवाज कधी वाढवला नाही, आणि वाढवता येतो हे विसरूनही गेले. गेल्या बुधवारी दुपारी पडद्यावर कानाचं चित्र तसंच ठेवून रिमोट फडक्यानं पुसत होते, आवाजाचं बटण दाबलं गेलं असावं, तर घरात एकदम एक बाई बोलायला लागली. मी दचकून फडकं टाकलं. बाबा समोर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना काहीच नाही. बाई टीव्हीतली होती. ती म्हणत होती, खुणांची भाषा हवी असल्यास हिरवं बटण तीन सेकंद दाबून धरा. पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. म्हणजे इतके दिवस त्या सूचना येतच होत्या, बोलून. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या सोयीची गोष्ट हा डबा तोंडानं सांगत होता, आणि या घरात ऐकू येणारी एकुलती एक बाई आवाज बंद करून समोर बसली होती. डबा करणाऱ्यांच्या अकलेवर हसावं की माझ्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मग पोट धरून हसले. त्यांना असं हसताना मी तू घर सोडून गेल्यापासून बघितलं नव्हतं.

सहा वाजता मी हिरवं बटण धरलं. तू आलीस. आणि बटण आणखी थोडं धरून राहिलं तर चौकट मोठी होते, अर्धा पडदा भरते, हे तेव्हाच कळलं. ठके, चार वर्षांनी मी तुझा चेहरा ताटाएवढा बघितला. कानामागे तुझे केस पांढरे व्हायला लागलेत. मला रडू आलं, त्यामुळे पुढचं मला काही दिसलं नाही. बाबांना दिसलं. त्यांनी दहाएक मिनिटं तुझ्याकडे पाहिलं, मग स्टूल मागे सरकवलं आणि नुसते तुझे हात बघायला लागले. बातम्या संपल्यावर त्यांनी मला विचारलं, तिच्या उजव्या हाताला काय झालंय. मी म्हटलं काही नाही, नेहमीसारखी तर करते. तर माझ्यावर चिडले. गुरुवारी आणि शुक्रवारी त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. तू उजवं मनगट वळवत नाहीस, कोपरातून फिरवतेस. आकडे डाव्या हातानं दाखवतेस, पूर्वी उजव्यानं दाखवायचीस. लांब वाक्य संपलं की उजवा हात जॅकेटच्या कडेला टेकवतेस, क्षणभरच. जुन्या चौकटीत हे कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक, तिकिटाएवढ्या चित्रात दिसायचं कसं. पुस्तकं शिवून शिवून त्यांचं मनगट गेलं तेव्हा तेही असंच कोपरातून सुई ओढायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. मॅनेजरला ज्या चुका दिसल्या त्या तिथून आल्या होत्या, हे त्यांनी मला परवा, इतक्या वर्षांनी सांगितलं. आणि तू रविवारी मला म्हणालीस की सगळं मजेत आहे. लपवायची ही सवय तू आम्हा दोघांकडूनच उचललीस, तेव्हा तुझ्यावर तरी किती चिडणार.

तर हे पत्र डब्याची तक्रार करायला लिहिलेलं नाही. सोबतच्या पुडक्यात मनगटाला बांधायची पट्टी आहे. बाबांनी बांधणीचा जाड पुठ्ठा भिजवून, वाकवून, वरून कापड चढवून ती केलीय. माप माझ्या मनगटाचं घेतलं, तुझं माझ्यासारखंच आहे म्हणाले. तीनदा उसवून पुन्हा शिवली, तेव्हा शिवणीत खोट काढू नकोस. ती फक्त तात्पुरती, हे त्यांनी बजावून सांगितलंय. तुला डॉक्टरकडे जायला हवं, आणि हात बरा होईपर्यंत रजा घ्यायला हवी, मग सहा वाजता कोपरा रिकामा राहिला तरी चालेल, हेही त्यांचंच म्हणणं. आणि डॉक्टरकडे ते तुझ्याबरोबर येणार आहेत. मी म्हटलं, तुम्हाला तिथे काय ऐकू येणार, काय बोलणार तुम्ही? ते म्हणाले काही नाही, शेजारच्या खुर्चीवर बसेन, ती लहान होती तेव्हा माझ्यासाठी किती वेळा बसली. काल त्यांनी प्रवासाची पिशवी बाहेर काढून ठेवलीय आणि आज सकाळपासून तीनदा विचारलंय की पत्र झालं का. तेव्हा डॉक्टरची वेळ घे, आणि दिवस कळव.

तुझीच,
आई